परक्या मैदानावरचे मोल

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालेला प्रवासी शिरूरजवळ घोड नदी ओलांडतो आणि पारनेर तालुक्याचे माळरान सुरू होते. पाऊस बेताचा, जमीन हलकी, क्षितिज मोकळे. दूर कवड्या डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसू लागली की सुपा आले असे समजावे. या गावाने गेल्या काही दशकांत आपले रूप पुष्कळ पालटले. ज्या बाजारपेठेची उलाढाल एकेकाळी ज्वारी, बाजरी आणि कांदा यांच्या भावावर ठरत असे, तिच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्या विस्तारात जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र आले, आणि पेठेतल्या दुकानांच्या फळीवर धान्याच्या पोत्यांबरोबर सिमेंट, पाइप आणि विजेचे सामानही दिसू लागले.

अशा गावात फुटबॉलला फारसे स्थान नसावे, यात नवल नाही. येथे यात्रेतली कुस्ती आहे, कबड्डी आहे, सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात टेनिस चेंडूचे क्रिकेट आहे. फुटबॉल पाहायचा तर सुमारे ३५ किलोमीटरवरील नगर शहर गाठावे लागते. तेथे लष्कराची छावणी आणि मिशनच्या शिक्षणसंस्था यांमुळे तो खेळ जुन्या पिढीलाही परिचयाचा आहे. म्हणूनच सुप्यातील एका व्यापारी कुटुंबाने एका दिवाळीनंतर केवळ फुटबॉलचा एक सामना पाहण्यासाठी पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास करावा, ही गोष्ट पेठेत काहीशी चमत्कारिकच वाटली.

प्रवासाचे कारण घरातलेच होते. बांधकाम साहित्याचे दुकान असलेल्या या कुटुंबातील थोरला मुलगा पुण्यात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता. शिक्षण संपताच त्याने दुकानात बसावे, असे वडिलांनी गृहीत धरले होते. वसाहत वाढत होती, कंत्राटदारांची उधारी सांभाळायला घरचे माणूस हवे होते. मुलगा मात्र पुण्यातील एका फुटबॉल क्लबात बचावपटू म्हणून खेळू लागला होता आणि त्याला आणखी एक हंगाम खेळायचे होते. घरात या विषयावर भांडण झाले नाही, पण बोलणेही पुढे सरकेना. शेवटी आईने मार्ग काढला. मुलाच्या संघाला गडहिंग्लजच्या दिवाळीतील स्पर्धेचे निमंत्रण आले होते. भाऊबीज झाल्यावर सर्वांनी जाऊन एक सामना पाहावा आणि मग काय ते ठरवावे, असे तिने सुचविले. वडिलांनी होकार दिला, कारण नकार देण्यास निमित्त नव्हते. लक्ष्मीपूजनाला वह्यांचे पूजन झाले होते आणि दुकान ज्ञानपंचमीच्या मुहूर्तावरच उघडायचे होते. मधले दोन दिवस मोकळे होते.

सुप्याहून पुणे सुमारे ८० किलोमीटर. रांजणगावच्या महागणपतीवरून, शिक्रापूर आणि वाघोलीच्या गर्दीतून वाट काढत पुणे मागे टाकले की पुढचा मार्ग सरळ आहे. खंबाटकीचा घाट, सातारा, कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड, आणि पुण्यापासून सुमारे २३० किलोमीटरवर कोल्हापूर. ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी हातकणंगले तालुक्यातील कुंभोजगिरीकडे अवश्य वळावे. पायथ्याशी बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती आहे आणि डोंगरावरील मंदिरांचे दर्शनही घडते. हे कुटुंब पहाटे निघाले असल्याने त्यांना तो लाभ झाला.

कोल्हापूर ओलांडून कागल सोडले की एक गंमत घडते. महाराष्ट्रातल्याच एका तालुक्याच्या गावी जाण्यासाठी महामार्गाने कर्नाटकात शिरावे लागते. तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेली निपाणी लागते, पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागतात, परंतु चहाच्या टपरीवरचे बोलणे मराठीच राहते. संकेश्वरला उजवीकडे वळले की थोड्याच वेळात पुन्हा महाराष्ट्र येतो आणि हिरण्यकेशीच्या काठचे गडहिंग्लज दिसते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी आजऱ्यावरून येथे येते. काठाने ऊस आहे, बाजारात गूळ आहे, आणि ज्या मिरचीला मुंबई-पुण्याचे ग्राहक संकेश्वरी म्हणून ओळखतात त्या जवारी मिरचीचा सौदा येथल्या बाजार समितीत होतो. व्यापारी माणसाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही.

या भागात फुटबॉल इतका खोल कसा रुजला, हे समजण्यासाठी क्षणभर कोल्हापूरकडे पाहिले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तेथे कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमी ही केवळ व्यायामाची ठिकाणे न राहता त्या त्या वस्तीची ओळख बनल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. म्हणूनच कोल्हापुरातील संघांची नावे ऐकली तर बाहेरच्या माणसाला ती कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. या सर्वांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. एकाच मैदानावर साऱ्यांचे सामने असल्याने तेथे कोणताच संघ प्रवास करून येत नाही. अंतर असते ते फक्त एका पेठेचे आणि दुसऱ्या पेठेचे. याच मातीतून वर आलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला, तेव्हा तालमींच्या फुटबॉलची दखल साऱ्या देशाने घेतली.

गडहिंग्लजचा फुटबॉल हा कोल्हापूरच्याच कुळातला. पण त्याची रीत निराळी आहे. येथे दिवाळीच्या सुटीत गडहिंग्लज युनायटेडच्या पुढाकाराने बाहेरच्या संघांना बोलावून स्पर्धा भरविली जाते. सुटीसाठी मुंबई-पुण्याहून घरी आलेली मुले, माहेरी आलेल्या लेकी, शेतातून थेट आलेले शेतकरी, सारे महाराणी राधाबाई हायस्कूलच्या मैदानाकडे वळतात. गावात त्या शाळेला एम. आर. हायस्कूल म्हणतात. मोठ्या स्टेडियमचा येथे काही थाट नाही. शाळेचे मैदान आहे आणि मैदानाच्या कडेने गाव आहे. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात अंतर इतके थोडे की बचावपटूने गोलरक्षकाला दिलेली हाक कडेला उभ्या असलेल्याला स्पष्ट ऐकू यावी.

सुप्याचे कुटुंब दुपारी मैदानावर पोहोचले तेव्हा पुण्याच्या संघाचे पाठीराखे म्हणून तेवढेच चौघे होते: आई, वडील, धाकटी बहीण आणि आजी. समोर सारे गाव यजमान संघाच्या बाजूने. कोठे उभे राहावे हा पहिला प्रश्न. वडिलांना वाटले, एका कोपऱ्यात गप्प उभे राहावे. त्यांच्या मनात वर्तमानपत्रांतून वाचलेली मैदानावरील भांडणे होती. तो विचार चालू असतानाच पांढरा सदरा घातलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आजींना पाहून आपली खुर्ची पुढे सरकविली आणि विचारले, “पावणं, कुठनं आलाय म्हणायचं?”

“सुप्याहून,” वडील म्हणाले.

“बारामतीचं सुपं?”

“नाही, नगरचं. पारनेर तालुका.”

हा खुलासा सुप्याच्या माणसाला बाहेर नेहमीच करावा लागतो. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे म्हणून इतिहासात येते ते बारामतीजवळचे सुपे. गृहस्थांनी मान डोलावली. “लांबनं आलासा की. मग तुमचं कोण खेळतंय?” वडिलांनी बोट दाखवले. पाठीवर पाच आकडा असलेला मुलगा गोलसमोर उभा राहून पायाने माती चाचपत होता. “पाच नंबर व्हय? बसा मग. बघू या.”

ते गृहस्थ मिरचीचे अडते होते आणि शाळकरी वयापासून याच मैदानावर सामने पाहत आले होते. पुढचा दीड तास वडील त्यांच्या शेजारी बसले. त्यांना खेळाचे नियम फारसे ठाऊक नव्हते. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव आणि अकरा जणांचा संघ, एवढेच त्यांना माहीत होते. बाकीचे ते ऐकत ऐकत शिकले. बचावपटूचे काम चेंडू मारण्याचे कमी आणि जागा राखण्याचे जास्त असते, हे त्यांना तेथेच कळले. “चेंडूकडं बघू नका, पोराच्या पायाकडं बघा,” अडते म्हणाले. “कुठं हुबा ऱ्हातोय ते बघा.” वडील पाहू लागले. समोरचा आघाडीचा खेळाडू धावत येण्यापूर्वीच पाच नंबर दोन पावले डावीकडे सरकत होता. ही गोष्ट एरवी त्यांच्या ध्यानातही आली नसती.

पहिल्या डावात यजमानांनी एकामागून एक चढाया केल्या. एकदा गोलरक्षक पुढे आलेला असताना चेंडू रिकाम्या गोलकडे निघाला. गोलची रुंदी ८ यार्ड आणि उंची ८ फूट. टेलिव्हिजनच्या पडद्यावर ती चौकट लहान दिसते, पण दहा पावलांवरून पाहिली तर घराच्या दरवाजापेक्षा कितीतरी मोठी. पाच नंबरने मागे धाव घेत रेषेवरून चेंडू बाहेर काढला. मैदानाच्या कडेने एक मोठा हुंकार उमटला आणि मग अनपेक्षितपणे टाळ्या वाजल्या. त्या यजमान गावाच्या टाळ्या होत्या. आपल्या संघाचा गोल ज्याने अडविला, त्याच्यासाठी त्या वाजल्या होत्या. “भले, पाच नंबर!” असे कोणीतरी मागून ओरडले. धाकट्या बहिणीने आईचा हात घट्ट धरला. वडील काही बोलले नाहीत. ज्या मुलाला घरात नावाने, पेठेत दुकानाच्या नावाने ओळखतात, त्याला येथे अनोळखी माणसे एका आकड्याने ओळखत होती आणि त्या ओळखीत घराण्याचा, पेढीचा किंवा पत-प्रतिष्ठेचा काहीही भाग नव्हता.

मध्यंतरात अडत्यांनी चहा मागविला. बोलणे साहजिकच धंद्याकडे वळले. सिमेंटचा भाव, कंत्राटदारांची उधारी, गुळाचा हंगाम. बोलता बोलता ते म्हणाले, “आमच्यात मिरचीचा सौदा असतोय. पिकवणाऱ्याला आपली मिरची लई तिखट वाटती. पण ती तिखट हाय का न्हाई, ते परगावच्या घेणाऱ्याला इचारायचं. त्याला तुमचं कौतुक नसतंय न् वैरबी नसतंय.” व्यापारी माणसाला ही गोष्ट नवी नाही. घरच्या तराजूवर माल नेहमीच पुरेपूर भरतो, आणि म्हणूनच परक्या पेठेत मिळालेला भाव खरा मानला जातो. आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र वडिलांनी असा विचार कधी केला नव्हता. त्याचा खेळ हा तोवर त्यांच्या दृष्टीने खर्चाचा एक रकाना होता: बूट, प्रवास, क्लबची वर्गणी. त्याचे मोल ठरविणारा कोणी तिऱ्हाईत त्यांना भेटला नव्हता.

दुसऱ्या डावात ते मोल दोन्ही बाजूंनी ठरले. सामना संपायला दहा-बारा मिनिटे उरली असताना यजमानांचा खेळाडू गोलसमोरच्या चौकटीत शिरला. पाच नंबरने चेंडूवर पाय टाकला, पण क्षणभर उशिरा. खेळाडू खाली पडला, पंचांनी शिट्टी वाजवून गोलसमोरच्या ठिपक्याकडे हात केला. १२ यार्डांवरून, म्हणजे सुमारे ११ मीटरवरून, केवळ गोलरक्षकाला सामोरे जाऊन मारायची ही पेनल्टी. मैदान दणाणून गेले. शिट्ट्या, आरोळ्या, आणि त्यांत पाच नंबरच्या नावाने झालेली थट्टाही होती. पुण्याचे दोन खेळाडू पंचांकडे हुज्जत घालायला धावले. पाच नंबर मात्र गेला नाही. त्याने खाली पडलेल्या खेळाडूला हात देऊन उठविले आणि तो चौकटीबाहेर जाऊन उभा राहिला. पेनल्टीवर गोल झाला. सामना १-० असा यजमानांनी जिंकला.

सारे गाव मैदानात उतरले. वडिलांनी बराच वेळ गप्प राहून विचारले, “चूक त्याचीच होती ना?”

अडत्यांनी सांत्वन केले नाही. “व्हय, त्याचीच. पंच बरोबर हुता. पण पयल्या डावात रेघेवरनं चेंडू त्यानंच काढला, आन् दुसऱ्या डावात एकदा डाव्या अंगानं आलेला गडी त्यानंच अडिवला. जमा न् खर्च, दोन्ही बाजू लिवायच्या. मग शिल्लक काय ते बघायचं.” थोडे थांबून ते म्हणाले, “आन् हुज्जत घातली न्हाई, ह्ये बघितलंसा का?”

वडिलांनी ते पाहिले होते.

कार्तिकातील दिवस लहान. सूर्य मावळतीकडे झुकला होता आणि आजी डबा उघडण्याची घाई करू लागल्या होत्या. अडत्यांच्या ते लगेच ध्यानात आले. कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांच्या या पट्ट्यात जैन शेतकरी आणि व्यापारी यांची वस्ती जुनी आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम येथे कोणास समजावून सांगावा लागत नाही. “अजून अर्धा तास हाय. घर जवळच हाय, चला,” असा त्यांनी आग्रह केला. परंतु मुलगा संघाबरोबर होता, म्हणून कुटुंबाने शाळेच्या पायऱ्यांवरच डबा सोडला. मुलगा हातपाय धुऊन आला, त्याच्याबरोबर संघातील चार-पाच जण आले, आणि ठेपले व दाण्याची चटणी सर्वांत वाटली गेली. पेनल्टी मिळविणारा यजमान संघाचा खेळाडू जाता जाता थांबला. आजींनी त्याच्याही हातावर एक ठेपला ठेवला.

परक्या मैदानावर आपल्या संघाच्या पाठीशी उभे राहण्याची ही रीत तशी जगाएवढी जुनी आहे. जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जाणारा इंग्लंडमधील शेफिल्ड क्लब १८५७ साली स्थापन झाला. २६ डिसेंबर १८६० रोजी त्याचे खेळाडू जवळच्याच हॅलम क्लबाच्या मैदानावर खेळायला गेले. ते सँडीगेट मैदान आजही वापरात आहे. आश्चर्य असे की हे दोन्ही आद्य क्लब आज मोठ्या स्पर्धांत नाहीत. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब खेळतात. त्यांच्या खालचा सारा फुटबॉल नॉन-लीग म्हणून ओळखला जातो, आणि शेफिल्ड व हॅलम त्यातच आहेत. तेथील लहान मैदानांवर पाहुण्या प्रेक्षकांसाठी बहुधा वेगळा पिंजरा नसतो. अनेक ठिकाणी प्रेक्षक आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्या गोलमागे उभे राहतात. मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या की प्रेक्षकही चालत पलीकडच्या टोकाला जातात, आणि वाटेत दोन्ही गावचे लोक एकाच टपरीवर चहा घेतात. गडहिंग्लज आणि सँडीगेट यांच्यात समुद्र आहेत, पण मध्यंतरातला चहा दोन्हीकडे सारखाच.

याचा अर्थ लहान मैदानावर सारेच गोड असते असा नाही. कोल्हापुरात फुटबॉलवर जेवढे प्रेम आहे तेवढीच ईर्षाही आहे. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे, मैदानातले भांडण पेठेत पोहोचल्याचे प्रसंग तेथे घडले आहेत आणि त्यांची झळ खेळाडूंनाच अधिक लागली आहे. ईर्षा ही खेळाची भूक असते, पण ती पोटाबाहेर पडली की घर जाळते. गडहिंग्लजच्या त्या दुपारी थट्टा झाली, शिट्ट्या वाजल्या. तरी चांगल्या खेळाला टाळी देण्याची सवय तेथे शाबूत होती. ती सवय टिकते, कारण प्रेक्षक खेळ जाणतात. ज्याला खेळ कळत नाही त्याला फक्त आपली बाजू कळते. ज्याला खेळ कळतो तो समोरच्याचे वजनही खोटे करीत नाही.

पाहुण्या समर्थकाचेही काही कर्तव्य असते. आपल्या संघासाठी मोकळेपणाने ओरडावे, पण यजमानांच्या गावाला, भाषेला किंवा पंचांना शब्द लावू नये. यजमानांनी केलेल्या गोलला टाळी देता आली तर द्यावी, न देता आली तर निदान मान वळवू नये. आणि सामना संपल्यावर लगेच गाडीकडे पळू नये. हरल्यानंतर दहा मिनिटे त्याच जागी बसून राहणे ही पाहुण्याची सर्वांत अवघड आणि सर्वांत शोभणारी गोष्ट आहे. या कुटुंबाकडून ती आजींच्या डब्यामुळे आपोआप घडली.

परतीच्या प्रवासात मुलगा मागच्या बाकावर झोपला होता. कराड मागे पडेपर्यंत वडील काही बोलले नाहीत. मग त्यांनी पत्नीला एवढेच विचारले की रविवारचे सामने पुण्यात साधारण किती वाजता असतात. ज्ञानपंचमीला सुप्यात दुकान उघडले, नव्या वहीचे पहिले पान मुलाच्या हातून लिहून घेतले गेले. एक हंगाम खेळायचा, परीक्षा द्यायची, सोमवार ते शुक्रवार उधारीचे हिशेब पुण्यातूनच संगणकावर पाहायचे, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा बसून ठरवायचे, असे दोघांत ठरले. दुकानाचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही, तो एक वर्ष पुढे ढकलला गेला. तथापि आता त्यावर बोलणे सुरू झाले, आणि त्या बोलण्यात वडील ‘खेळ सोड’ असे न म्हणता ‘तू उशिरा का गेलास’ असे विचारू लागले.

ज्या घरांत मुले-मुली कोणताही खेळ खेळतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी एकदा तरी असा प्रवास करावा. आपल्या गावच्या मैदानावर मुलाचे कौतुक करणारे नातेवाईक असतात आणि शाळेच्या बक्षीस समारंभात सारेच गुणी ठरतात. परगावच्या लहान मैदानावर मात्र जाणत्या आणि निःस्वार्थी नजरेसमोर त्याचे जमा-खर्च उघड मांडले जातात, आणि तेही चार पावलांवरून. गडहिंग्लजला जायचे तर दिवाळीच्या सुटीतील स्पर्धेची तारीख आधी विचारून घ्यावी, दुपारी वेळेवर पोहोचावे, ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची आणि सर्वांसाठी टोपी व पाणी बरोबर ठेवावे, आणि डबा थोडा जास्तच न्यावा. वाटेत कुंभोजगिरीचे दर्शन घडते, येताना हंगाम असेल तर जवारी मिरची आणि गूळ घेता येतो. भाऊबीज ते ज्ञानपंचमी हे दोन दिवस दुकान तसेही बंदच असते.